वाचकांचे प्रश्न: ऑफिसच्या बागेचा वर्षाचा खर्च

प्रश्न: पुण्यात खराडीला आमचं ऑफिस संकुल आहे. 10,000 चौरस फूट लॉन, तेवढ्याच जागेत झुडपं आणि मेंदीचं कुंपण, शिवाय 60 मोठी झाडं. दरवर्षी मागच्या आकड्यात 10 टक्के वाढवून बजेट देतो, तरी मे महिन्यात पैसे कमी पडतातच. चूक कुठे होते? (फॅसिलिटी मॅनेजर, खराडी)

उत्तर: मागचा आकडा आधी बाजूला ठेवा. त्यात मागच्या वर्षीच्या चुकाही आहेत आणि तुम्ही त्यांनाच 10 टक्के वाढ देताय. टेप घेऊन बाग मोजा: लॉन किती, वाफे किती, कुंपण किती फूट, झाडं किती.

मे महिन्यात पैसे खातं ते पाणी. पुण्याच्या उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. तुमची लॉन 929 चौरस मीटर; रोजचं पाणी झालं 4,650 लिटर. स्प्रिंकलरचं सुमारे पाव पाणी वाऱ्यात आणि फरशीवर जातं, म्हणून 6,200 धरा. एप्रिल-मेच्या 61 दिवसांत पावणेचार लाख लिटरच्या वर जातं. दहा हजारी टँकर असेल तर 38 टँकर, आणि हे फक्त लॉनचं. झुडपांना ठिबक असेल तर त्यांना बरंच कमी लागतं. थंडीत गरज जवळपास निम्म्यावर येते आणि पावसाळ्यात उघडीप पडली तरच पाणी द्यावं लागतं.

आता अडचण बघा. हे दोन महिने आर्थिक वर्षाच्या अगदी सुरुवातीला येतात. बजेटचे सारखे बारा भाग केले, तर एप्रिललाच तूट दिसणार. त्यात बऱ्याच ठिकाणी नवी वर्क ऑर्डर मे उजाडल्याशिवाय हातात पडत नाही. म्हणून रक्कम महिन्यावार मांडा आणि मंजुरी फेब्रुवारीतच घ्या.

झाडांची छाटणीही पावसाआधी उरकायची असते. गुलमोहर आणि रेन ट्रीच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात आणि खाली पार्किंग असतं. छाटणीला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. अर्ज फेब्रुवारीत गेला तर एप्रिलमध्ये काम होतं. छाटणीच्या खर्चात फांद्या उचलून नेणारा टेम्पो वेगळा लिहा. ठेकेदार तो दरात धरत नाही आणि मग त्यावरून वाद होतो.

जूनच्या तोंडावर लॉनवर माती आणि चाळलेल्या शेणखताचा अर्धा सेंटिमीटर थर द्यायचा. 10,000 चौरस फुटांना साधारण 1.65 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माल लागतो, दोन ब्रास मागवा. यापेक्षा जाड थर दिलात तर गवत दबून पिवळं पडतं. 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे एका वेळी 10 किलोची गोणी पुरते. वर्षातून चार-पाच वेळा. खत टाकल्यावर लगेच पाणी द्या, नाहीतर पाती करपतात.

हुमणीसाठीही, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीसाठीही, तरतूद हवी. पहिल्या पावसानंतर भुंगेरे निघतात, अंडी लॉनच्या मातीत घालतात आणि ऑगस्टपर्यंत अळ्या मुळं कुरतडून टाकतात. पिवळा पडलेला भाग हाताने ओढून बघा. तो चटईसारखा उचलला गेला, तर कारण हुमणीच आहे. तिथे जादा पाणी देऊन उपयोग नाही. जूनअखेर शेणखतात मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) मिसळून टाका आणि नव्या लॉनच्या लाद्यांसाठी 500 चौरस फुटांचे पैसे राखून ठेवा.

प्रश्न: दोन माळी आणि साहित्य यासाठी तीन कोटेशन आली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत मोठा फरक आहे. कमी दराचं घ्यावं का? (प्रशासन विभाग, ठाणे)

उत्तर: आधी पगाराची फोड मागा. किमान वेतनावर पीएफचा मालकाचा हिस्सा प्रशासकीय आकारासह 13 टक्के, ईएसआयसी (कामगार विमा) 3.25 टक्के, बोनस 8.33 टक्के, वर रजा आणि बदली माळी. कोटेशनमधला मजुरीचा आकडा एवढ्यालाही पुरत नसेल, तर ठेकेदार ते पैसे कामगाराच्या खिशातूनच काढणार. पीएफ थकला तर जबाबदारी मूळ मालक म्हणून तुमच्याकडे येते. आणि ज्याचा पगार थकतो तो माळी फार दिवस टिकत नाही; बागेचं सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं, कारण कुठला व्हॉल्व्ह कुठली लाइन चालवतो हे त्यालाच ठाऊक असतं. असं कोटेशन घेऊ नका.

महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. ही वाढ कोणी सोसायची ते करारात लिहा आणि बजेटमध्ये धरा. 18 टक्के जीएसटीही त्यात आलाच पाहिजे.

प्रश्न: टँकर वाचवायला एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं) पाणी बागेला जोडलं. सहा महिन्यांत ठिबक बंद पडलं. (सोसायटी व कमर्शियल संकुल, नाशिक)

उत्तर: पाणी चांगलं आहे, जोडणी अपुरी आहे. साध्या जाळीच्या फिल्टरमधून बारीक गाळ पुढे जातो आणि नळीत शेवाळासारखा चिकट थर धरतो. आधी सँड फिल्टर, मग डिस्क फिल्टर बसवा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा आणि फरक वाढला की धुवा. लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोकं दर पंधरवड्याला उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. याला माळ्याचा अर्धा दिवस जातो, तो करारात लिहा. स्प्रिंकलरने हे पाणी द्यायचं तर रात्री, लोकांची ये-जा थांबल्यावर. पानांची टोकं जळायला लागली तर पाण्यातले क्षार तपासून घ्या. प्रमाण जास्त निघालं तर कुंड्यांना आठवड्यातून एकदा साधं पाणी भरपूर द्या, म्हणजे मातीतले क्षार खालून निघून जातात.