जुन्या गाडीचं दुखणं : इंजिन उघडायच्या आधी

प्रश्न : काका, बाबांची 1969 ची फियाट 1100 आता मी चालवते, तीही फक्त रविवारी. सकाळी आठ-दहा वेळा सेल्फ मारल्यावर कुठं सुरू होते. मग गोकुळपेठेत भाजीसाठी दहा मिनिटं बंद केली, की अर्धा तास काही केल्या सुरू होत नाही. बाबा रामटेकचा गड दुसऱ्या गिअरवर चढवायचे, मला पहिला टाकावा लागतो. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटरला नवी किट टाकली. कॉइल बदलल्यापासून तर पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) दोन-दोन महिन्यांत जळून राहिले. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडून बोअर करू, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करू. करू का? सोबत बॉनेटखालचे फोटो पाठवते आहे.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, इतक्यात नका करू. तुमच्या पत्रातलं पॉइंट जळण्याचं वाक्य मी तीनदा वाचलं. माझा पहिला संशय त्या नव्या कॉइलवर आहे.

बॅटरीच्या बारा व्होल्टवरून स्पार्कसाठी लागणारं मोठं व्होल्टेज कॉइल तयार करते. बारा व्होल्टच्या कॉइली दोन जातीच्या येतात. एक थेट बारा व्होल्टवर चालते. दुसरीला बाहेरून रेझिस्टर लागतो. दिसायला दोन्ही सारख्याच, दुकानदारही पुष्कळदा विचारत नाही. तुमच्या फोटोत रेझिस्टर कुठंच दिसत नाही. तिथं दुसऱ्या जातीची कॉइल बसली असेल तर जवळपास दुप्पट करंट जातो. कॉइल तापते, पॉइंट जळतात, आणि गरम कॉइलचा स्पार्क मिणमिणता होतो. अर्ध्या तासानं ती थंड झाली की गाडी पुन्हा सुरू. इग्निशन बंद करून कॉइलच्या दोन बारीक टोकांच्या वायरी काढा आणि मल्टिमीटर लावा. 3 ओहमच्या आसपास आकडा आला तर कॉइल बरोबर आहे. दीडच्या आसपास आला तर चुकीची आहे, बदलून घ्या. सोबत पॉइंटला जोडलेला कंडेन्सरही नवा टाका, तोही गरम झाल्यावर दगा देतो.

गडावरच्या चढाचाही याच्याशी संबंध असू शकतो. पॉइंट जळले की दर वेळी कुणीतरी घासून गॅप लावतो. पण गॅप बदलली की टायमिंगही, म्हणजे स्पार्क पडायची वेळही, बदलतं. गॅप कमी झाली तर स्पार्क उशिरा पडतो आणि चढावर इंजिन दमतं. म्हणून गॅप लावल्यावर टायमिंग लाइटनं टायमिंग पाहायलाच हवं, नुसतं कानानं नाही.

आता दुसरी शक्यता. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. इंजिन बंद केल्यावर त्याची सगळी आच पेट्रोलच्या नळीत आणि एसी पंपात (इंजिनवरच्या पेट्रोल पंपात) उतरते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. कॉइल की वाफ, हे ओळखायचं तर गाडी रुसलेली असतानाच पाहायला हवं, घरी आणून नाही. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्चनं बघा आणि हातानं थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली झडप) ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय. नाही उडाली तर पंपावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटं थांबा. त्यानं सुरू झाली तर ती वाफच. स्पार्क बघायचा तर आधी एअर क्लीनर परत बसवा आणि सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या. मग डेल्कोच्या (कॉइलचा स्पार्क चारही प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) मधल्या वायरचं टोक रबरी मुठीच्या पक्कडीत धरून इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा, कडकडीत स्पार्क हवा. पिवळट, मरगळलेला नको.

सकाळच्या त्रासाचं कारण बहुधा साधं आहे. आठ दिवस उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या कप्प्यातलं) पेट्रोल उडून जातं, आणि पंपाचे व्हॉल्व्ह गळत असतील तर नळीही रिकामी होते. सेल्फ मारायच्या आधी तीच पिचकारी पाहा. सेल्फ जड फिरत असेल तर मात्र बॅटरीच्या आधी अर्थिंग तपासा. सेल्फ फिरत असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यात मल्टिमीटरनं अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर इंजिन आणि चासीमधली वेणीची पट्टी गंजली आहे. ती घासून घट्ट बसवा.

चढासाठी आणखी तीन गोष्टी पाहा. नवी किट टाकल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतोय का? कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि वरून बघा. पाऊणच उघडत असेल तर पूर्ण ताकद मिळणार नाही. दुसरं, तीन-चार किलोमीटर चालवून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. तिसरं, डेल्कोचं झाकण काढून रोटर हातानं फिरवून सोडा. तो आपोआप मागं यायला हवा. आला नाही, तर आतली, वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी, अ‍ॅडव्हान्सची वजनं जुन्या ग्रीसनं चिकटली आहेत.

हे तिसरं मी फार महागात शिकलो. सदरमध्ये गॅरेज नवीन असताना एका शिक्षकांच्या फियाटचं हेड मी उतरवलं. गॅस्केट, व्हॉल्व्ह, सगळं केलं, पण गाडी होती तशीच. शेवटी डेल्को उघडला तर वजनं चिकटलेली. रॉकेलनं धुतली आणि गाडी पळाली. त्या सरांनी एका शब्दानंही मला दोष दिला नाही. ते पैसे आजही मला सलतात, म्हणून तुम्हाला आधी थांबवतो आहे.

हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजनं मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर बोअरचं नाव काढू नका. एखादा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. दोन आणि तीन, असे शेजारचे दोन्ही पडले असतील तर आधी हेड गॅस्केट पाहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. कॉइलचा ओहम आणि चार सिलिंडरांचे आकडे मला कळवा, पुढचं तेव्हा सांगतो.

प्रश्न : माझी अँबेसेडर 1973 ची पेट्रोल आहे. ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं पिकअप गेल्यासारखं वाटतं. मनाचा खेळ आहे का?
– एक वाचक, काटोल रोड

उत्तर : नाही दादा, खरंच होतं तसं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते आणि त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. प्लग काढून बघा. पोर्सेलिन बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक, पांढरंफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून पाहा.

त्याहून मला तुमच्या रबराची काळजी वाटते. जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात. इंजिनजवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या, पडदाही तसाच. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. टाकीतली वर्षानुवर्षांची घाणही इथेनॉल सोडवतं, तेव्हा सुरुवातीचे दोन-तीन महिने पेट्रोल फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून बघा.