दिवसभर काम करून आल्यावर मुलांशी खेळायला त्राण कुठून आणायचं? आणि खेळकर बाबा झालं की शिस्त बिघडत नाही का?

खेळकर बाबा व्हायला वेगळा वेळ काढावा लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, घरी पोहोचेपर्यंत अंगात काही उरत नाही, तिच्या विचित्र प्रश्नांना काय उत्तर द्यावं सुचत नाही, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात की बापाचा थोडा धाक हवाच. माझी थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा पाच. आमचा बहुतेक खेळ कामांच्या आतच होतो: दात घासताना, कपड्यांच्या घड्या करताना, नखं कापताना.

आधी थकव्याचं बोलतो. पडल्यापडल्या खेळता येतात असे खेळ भरपूर आहेत. आमचा सगळ्यात लाडका म्हणजे पाठीवरची अक्षरं. मी जमिनीवर पालथा पडतो, थोरली पाठीवर बोटाने अक्षर काढते आणि मी ते ओळखायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पाठीवर ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखून दाखवा! ‘भ’ आणि ‘म’ची तीच गत. ती अक्षराची गाठ मुद्दाम जोर देऊन काढते, तरी कळत नाही. एकदा तिने विचारलं, “बाबा, पाठीला वाचता येत नाही का?” खरंच येत नाही. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन स्पर्श वेगवेगळे कळतात, पाठीवर मात्र तेच कळायला चारेक सेंटिमीटर अंतर लागतं. बोटांच्या टोकांशी स्पर्श टिपणारे चेतातंतू दाटीवाटीने असतात, पाठीवर विरळ. आम्ही दोन पेन्सिलींची बोथट टोकं घेऊन हे करून पाहिलं. धाकट्याच्या पाठीवर दोन्ही पेन्सिली जवळजवळ टेकवल्या की तो छातीठोकपणे सांगतो, “एकच आहे.” मग आम्ही त्या बोटाच्या टोकावर टेकवतो आणि तो ओरडतो, “दोन! दोन!” थोरलीने यावरून स्वतःच तोडगा काढला, की अक्षर खांद्यापासून कमरेपर्यंत पाठभर काढायचं. आता मला ‘घ’ ओळखता येतो. शिवाय दमलेल्या पाठीला त्या बोटांनी जो आराम मिळतो, तो वेगळाच.

नखं कापणं हे आमच्याकडे माझं खातं आहे. धाकटा हात मागे ओढायचा. एका रविवारी मी त्याला चंद्राची गोष्ट सांगितली, आणि ती खरी आहे. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर खास परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून त्यांच्यावर लेसर सोडतात आणि प्रकाश परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. अशा मोजमापांतून कळतं की चंद्र दरवर्षी साधारण ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून लांब सरकतोय. भरती-ओहोटीच्या ओढाताणीमुळे हे घडतं. आणि हाताची नखं महिन्याला सुमारे ३.५ मिलिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला चारेक सेंटिमीटर. जवळजवळ एकच वेग! कापलेला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवून मी म्हटलं, “मागच्या वेळेपासून चंद्र साधारण एवढा लांब गेला.” त्याने दुसरा हात आपणहून पुढे केला. मग पाय पुढे करून म्हणाला, “आणि हे?” पायाची नखं जवळपास निम्म्याच वेगाने वाढतात, असं ऐकल्यावर त्याने जाहीर केलं की त्याच्या पायाचा चंद्र हळू चालतो. त्या वाक्यावर मी अजूनही विचार करतो.

गुदगुल्यांबाबत मात्र मी कडक आहे. गुदगुल्यांचं हसू आपल्या ताब्यात नसतं, नकोसं झालं तरी ते येतच राहतं. त्यामुळे मूल हसतंय म्हणजे त्याला मजा येतेय, असं धरून चालता येत नाही. आमच्याकडे ‘थांब’ म्हटलं की हात त्याच क्षणी मागे, पाहुण्यांचेसुद्धा. ‘पुन्हा’ म्हटलं तरच पुन्हा. स्वतःच्या शब्दाला वजन आहे हे मुलांना इथे कळतं, म्हणून मला हा नियम जिवापाड महत्त्वाचा वाटतो.

आपण स्वतःला गुदगुल्या का करू शकत नाही, हे तुमची मुलगी विचारेलच. आपला हात कुठे, कधी लागणार याचा अंदाज मेंदूचा मागचा भाग, म्हणजे अनुमस्तिष्क, आधीच बांधतो आणि त्या स्पर्शाची धार बोथट होते. सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास लंडनमध्ये यावर प्रयोग केले. हाताची हालचाल आणि तळहातावरचा स्पर्श यांच्यात यंत्राने सेकंदाच्या काही अंशाची दिरंगाई घातली, तर स्वतःच केलेला स्पर्शही जास्त गुदगुल्यांसारखा वाटू लागला. मुलांना त्याहून आवडतात ते मेंदूशास्त्रज्ञ याक पँक्सेप यांच्या प्रयोगांतले उंदीर. गुदगुल्या केल्या की ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे धावतात. आपल्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे तो आवाज ऐकायला खास यंत्र लागतं.

आता धाकाचं. मला नियम हवेत, धाक नको. आणि खेळातले नियम मुलं जितक्या निष्ठेने पाळतात आणि दुसऱ्यांना पाळायला लावतात, तितके इतर कुठलेच नाहीत. दात घासताना मी धावतं समालोचन करतो, ‘आता खेळाडू उजव्या दाढेकडे वळला आहे’ वगैरे. समालोचन दोन मिनिटांनी संपतं आणि तोवर ब्रश तोंडातून बाहेर येत नाही. झोपायच्या आधीच्या तासाभरात पाडापाडी, उचलून फिरवणं पूर्ण बंद, कारण उधाणलेलं मूल झोपत नाही. मूल रडत असेल तर विनोद अजिबात नाही. आधी जवळ घ्यायचं, त्याचं ऐकायचं. दुखऱ्या मुलाला हसवायला जाणं म्हणजे त्याचं दुखणं झटकून टाकणं, आणि मुलांना ते लगेच कळतं.

आणखी एक. मजा बाबाची आणि कटकट आईची, अशी वाटणी होऊ देऊ नका. औषध पाजणं, गृहपाठाला बसवणं, टीव्ही बंद करणं यांत बाबाचा वाटा हवाच, नाहीतर त्या खेळकरपणाची किंमत घरातलं दुसरं माणूस मोजतं. आमच्याकडे भन्नाट खेळ बरेचदा मुलांच्या आईलाच सुचतात. ते सुचायला तिला उसंत मिळायला हवी.

राहिले विचित्र प्रश्न. त्यांना उत्तर द्यायची घाई करू नका. केस विंचरताना थोरलीने विचारलं, “आरसा डावं-उजवं उलटं करतो, मग वर-खाली का नाही करत?” मी कंगवा बाजूला ठेवला. म्हटलं, खिडकीकडे बोट दाखव. आरशातल्या मुलीनेही खिडकीकडेच दाखवलं. वर दाखव. तिनेही वर. आता आरशाकडे दाखव. आरशातलं बोट थेट तिच्यावर रोखलेलं! ती कितीतरी वेळ बोट पुढे-मागे करत राहिली आणि म्हणाली, “तो डावं-उजवं करतच नाही. तो पुढचं मागे करतो.” अगदी बरोबर. आपण मनातल्या मनात वळून आरशातल्या माणसाच्या जागी उभे राहतो, म्हणून डावं-उजवं बदलल्यासारखं वाटतं. हे मी सांगितलं असतं, तर तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मला दिसला नसता.

तुमची मुलगी लहान आहे, तिला आधी चकचकीत स्टीलचा चमचा द्या. मागच्या फुगीर बाजूत ती सुलटी दिसेल, खोलगट बाजूत उलटी. मग बोट खोलगट बाजूच्या अगदी जवळ नेऊन हळूहळू लांब न्यायला सांगा. सुलटं दिसणारं बोट एका ठरावीक अंतरावर अचानक उलटं होतं. ते अंतर तिला स्वतः शोधू द्या, आणि असं का होतं ते लगेच सांगू नका. तिने काय अंदाज बांधला ते इथे नक्की लिहा, मला खरंच वाचायचं आहे.