किट जोडून केलेल्या ट्रान्सीव्हरला (संदेश पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या रेडिओ सेटला) ‘स्वतः बनवलेला’ म्हणता येतं का? सुरुवात कोणत्या किटने करावी?

म्हणता येतं. बेधडक म्हणा.

एका ज्येष्ठ हॅमने, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याने, हाच प्रश्न मला भर बैठकीत विचारला होता. प्रश्न कसला, निकालच दिला : “छापील बोर्ड, मोजून दिलेले सुटे भाग, वर पुस्तिका. यात तुम्ही काय बनवलंत? मुलं आकडे बघून चित्र रंगवतात तसं हे.” तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आणि ते आजही सलतं.

माझं पहिलं किट ४० मीटर बँडचं (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचं), मोर्सचं, पाच वॉटचं. चार रात्री बसून जोडलं. रेझिस्टर-कपॅसिटर लावण्यात विशेष काही नाही, पण कॉईल स्वतः गुंडाळाव्या लागतात. टी३७-२ हा लाल टोरॉइड, म्हणजे कॉईल गुंडाळायची कडी, जेमतेम साडेनऊ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या भोकातून तार जितक्यांदा जाईल तितके वेढे. इंडक्टन्स (कॉईलचं विद्युत माप) वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे १७ च्या जागी १६ पडले तर तो ११ टक्क्यांनी उतरतो. मी प्रत्येक कॉईल तीनतीनदा मोजली होती.

रात्री अँटेना लावली, हेडफोन कानाला लावला, आणि स्टेशनं आली! आवाज जरा बारीक होता, पण त्या आनंदात कोण लक्ष देतं. मग डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून मोर्सची ‘की’ दाबली, तर पॉवर मीटरचा काटा जेमतेम थरथरला.

मी फायनलवर, म्हणजे पॉवर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर, संशय घेतला. तो आयआरएफ५१० होता, तो बदलला. तोही चांगला तापला, पॉवर मात्र नाही. आणखी एक बदलला. ऑसिलेटर (मूळ सिग्नल तयार करणारा भाग) दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकला, तो जागच्या जागी होता. असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पुस्तिका मिटून ठेवली आणि सर्किट डायग्राम समोर घेतला. तोवर मी फक्त पायऱ्या वाचत होते. कुठला सिग्नल कुठून कुठे जातो हे पहिल्यांदा त्या दिवशी बोट ठेवून पाहिलं.

एक डायोड, एक कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर एवढ्यावर आरएफ प्रोब, म्हणजे रेडिओ सिग्नल मोजायचं साधन, तयार झाला. ‘की’ दोन सेकंद दाबायची, आकडा लिहायचा, पुढे सरकायचं. फायनलच्या ड्रेनवर (जिथून सिग्नल बाहेर पडतो त्या पायावर) सिग्नल दणदणीत. लो-पास फिल्टरच्या (नको त्या वरच्या लहरी अडवणाऱ्या भागाच्या) पहिल्या कॉईलनंतरही आहे. दुसरीनंतर काहीच नाही. भिंग लावून पाहिलं. सोल्डर छान चकाकत होतं, पण मधल्या तारेभोवती केसाएवढं तपकिरी कडं होतं. एनॅमल, म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा लेप, जळलंच नव्हतं. सोल्डर तारेला बिलगून बसलं होतं, पण तांब्याला शिवलं नव्हतं. कॉईल काढली, तारेची टोकं ब्लेडने खरवडली, चांदीसारखी दिसेपर्यंत त्यांवर सोल्डर चढवलं आणि पुन्हा बसवली. काटा सरळ साडेचार वॉटवर!

आणि रिसीव्हरसुद्धा एकदम खणखणीत झाला. फिल्टर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोघांना सामाईक होता. त्या तुटलेल्या जोडातून पहिल्या रात्री फक्त तगडी स्टेशनं झिरपून येत होती, आणि रात्रीच्या ४० मीटरवर तशी भरपूर असतात. बारीक आवाजाने मला दोष पहिल्याच दिवशी सांगितला होता. आज कुठलाही सेट मंद ऐकू आला की माझा हात आधी फिल्टरकडे जातो.

आता सांगा, यातलं काय आकडे बघून रंगवलं? हीथकिट या अमेरिकन कंपनीने १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं किट काढलं आणि १९९२ मध्ये किटचा धंदा गुंडाळला. मधल्या साडेचार दशकांत कितीतरी हॅम त्या किटांवर शिकले, त्यांना कोणी खोटं म्हटलं नाही. भारतीय हॅम अशहर फरहान यांचा बिटएक्स हा ट्रान्सीव्हर आधी आराखडा म्हणून आला, कॉईल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेल्या. पुढे त्याचे तयार बोर्डही मिळू लागले. बोर्ड घेऊन त्यात स्वतःचे बदल करणारा माणूस बनवत नाही, तर काय करतो? अगदी शून्यातून बनवणाराही ट्रान्झिस्टर विकतच आणतो. त्या ज्येष्ठांच्या टेबलावर तयार सेट होता, आणि त्याचं झाकण त्यांनी कधी उघडलं नव्हतं.

कोणतं किट घ्यावं? एका बँडचं, मोर्सचं, पायवाल्या (बोर्डाच्या भोकांत पाय घालून जोडायच्या) भागांचं, आणि ज्यासोबत पूर्ण सर्किट डायग्राम मिळतो असं. डायग्राम नसेल तर घेऊच नका. पिक्सी हे अगदी छोटं मोर्सचं किट स्वस्त असतं, पण पहिलं किट म्हणून मी ते सुचवणार नाही. पॉवर काही शे मिलिवॉट आणि रिसीव्हर एकाच वेळी सगळं ऐकतो. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. एसएसबी, म्हणजे बोलण्याचा सेट, दुसऱ्या खेपेला करा.

पैसे वाचावेत म्हणून किट घेत असाल तर तयार सेटच घ्या. हेही सांगायला हवं की परवाना नसताना ट्रान्समिट करायचं नाही, सेट स्वतः जोडलेला असला तरी. पहिल्यांदा वीज देताना फायनलचा बायस (त्याला आधीच थोडं चालू ठेवणारा व्होल्टेज) शून्यावर ठेवा आणि डमी लोडशिवाय ‘की’ दाबू नका. आयआरएफ५१० चा धातूचा टॅब ड्रेनलाच जोडलेला असतो. हीटसिंक चेसिसला लागत असेल तर मध्ये अभ्रकाची चकती घाला आणि स्क्रूलाही इन्सुलेटिंग वॉशर लावा.