घराजवळच्या बागेतील शंखी गोगलगायी: लहान मूल आणि कुत्रा असताना नियंत्रण कसे करावे?

प्रश्न: सिंहगड रस्त्यावर आमचे तळमजल्याचे घर असून पुढे छोटी बाग आहे. पाऊस सुरू झाल्यापासून मोठ्या तपकिरी शंखाच्या गोगलगायी पालक, पुदिना आणि झेंडूची रोपे एका रात्रीत फस्त करतात. दुकानातून गोगलगायींसाठी निळसर गोळ्या मिळाल्या आहेत, परंतु घरात चार वर्षांची मुलगी आणि कुत्रा आहे. गोळ्या टाकाव्यात का? (मुळशी तालुक्यातील एका शेतकऱ्यानेही घराला लागून असलेल्या रोपवाटिकेबद्दल असेच विचारले आहे.)

उत्तर: त्या गोळ्या बागेत टाकू नयेत, आणि पुडा मुलीच्या हाताला व कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवावा, ही विनंती मी सर्वप्रथम करतो. गोगलगायींसाठी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बहुधा मेटाल्डिहाइड 2.5 टक्के हा घटक असतो. गोगलगायींना आकर्षित करण्यासाठी या गोळ्या धान्याच्या भरडीत बनवलेल्या असल्याने कुत्र्यालाही त्या खाऊच वाटतात. पोटात गेल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत कुत्रा लडखडू लागतो, लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात आणि शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत चढते. या विषावर नेमका उतारा नाही, उपचार लक्षणांवरच करावे लागतात. ब्रिटनमध्ये 2022 च्या एप्रिलपासून उघड्यावर मेटाल्डिहाइड वापरण्यास बंदी आहे, ती वन्य प्राणी आणि पक्ष्यांना असलेल्या याच धोक्यामुळे. गूळ आणि भुशात मिथोमिल हे कीटकनाशक कालवून आमिष करण्याचा जुना सल्ला अजूनही तोंडी फिरतो. मिथोमिल अतिविषारी असून केंद्र सरकारने 2023 मध्ये त्यावर बंदी घातली आहे, त्यामुळे तो सल्ला कोणी दिला तरी पाळू नये.

आपण वर्णन केलेली गोगलगाय आफ्रिकन शंखी गोगलगाय असावी. ही मूळची पूर्व आफ्रिकेतील असून 1847 मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तेथून पसरली. मराठवाड्यात 2022 च्या खरिपात सोयाबीनची कोवळी रोपे हिनेच खाल्ली. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असल्याने प्रत्येक जण अंडी घालू शकते, आणि एका वेळी शंभरावर अंडी मातीच्या वरच्या थरात घातली जातात. ही अंडी पिवळसर पांढरी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात. उन्हाळ्यात ही गोगलगाय मातीत शिरून शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करते व पावसाची वाट पाहते. म्हणूनच कोणताही उपाय एका दिवसात संपत नाही: आज मोठ्या वेचल्या तरी दोन आठवड्यांच्या आत नवी पिल्ले बाहेर येतात.

घरगुती बागेत हाताने वेचण्याइतका खात्रीचा आणि निर्धोक उपाय माझ्या अनुभवात दुसरा नाही, मात्र तो जूनच्या पहिल्या पावसापासून सलग तीन-चार आठवडे, दररोज केला पाहिजे. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट किंवा पपईची पाने कुंड्यांच्या बाजूला पसरावीत, आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलाव्यात. कुंड्यांचे तळ, विटांचे ढीग, भिंतीची ओल आणि पालापाचोळा येथेही रोज पाहावे. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. मेल्यावर खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्यात. कुंपणापलीकडे किंवा नदीकाठी जिवंत टाकल्यास त्या शेजाऱ्याच्या बागेत जातात. पाण्याची बादली झाकणाची असावी, कारण लहान मुलासाठी उघडी बादलीही धोक्याची असते. मीठ मात्र थेट कुंडीत टाकू नये, मातीत उरलेले मीठ रोपे मारते.

हातमोज्यांचा आग्रह मी मुद्दाम धरतो. उंदरांच्या विष्ठेतून एक सूक्ष्म जंत गोगलगायींमध्ये येतो, आणि तो माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मुलीला गोगलगाय हाताळू देऊ नये. चुकून हाताळल्यास साबणाने हात धुवावेत. बागेतील पालेभाजी वाहत्या पाण्याखाली एकेक पान धुवावी आणि गोगलगायी दिसत असताना कच्ची खाऊ नये.

अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि तांब्याची पट्टी यांची बरीच चर्चा होते. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या 2018 च्या चाचणीत दोन्ही निष्प्रभ ठरले. राख कोरडी असेपर्यंतच उपयोगी पडते. चुन्याचा पट्टा काम करतो, परंतु तो मुलांच्या डोळ्यांना व त्वचेला इजा करतो, म्हणून तुमच्या बागेत तो टाळावा. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घातल्याने रात्री माती तुलनेने कोरडी राहते. या साध्या बदलाचा फायदा मी अनेक बागांमध्ये पाहिला आहे. भारद्वाज पक्षी आणि काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, त्यामुळे बागेत विष न टाकण्याचे हेही एक कारण आहे. कुजलेली पाने खाणाऱ्या छोट्या देशी गोगलगायी नुकसान करीत नाहीत, त्या राहू द्याव्यात.

मुळशीच्या शेतकरी बांधवांनी घर व गोठ्यालगतच्या पट्ट्यात वेचणी आणि गोणपाटावरच भर द्यावा. दूरच्या शेतात मेटाल्डिहाइड वापरणे अपरिहार्य झाल्यास लेबलवर दिलेले प्रमाण पाळावे, गोळ्या संध्याकाळी टाकाव्यात, कोंबड्या कोंडून व कुत्रा बांधून ठेवावा, आणि सकाळी उरलेल्या गोळ्या व मेलेल्या गोगलगायी गोळा करून पुराव्यात. नवी रोपे किंवा माती आणताना, मग ती उरुळी कांचनची असोत वा शेजारच्या गावची, कुंडीच्या तळाची माती उकरून अंडी तपासावीत, कारण या गोगलगायीचा प्रसार मुख्यतः मातीबरोबर माणूसच करतो.

कुत्र्याने गोळी खाल्ल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता, दूध किंवा मिठाचे पाणी न पाजता, पुडा सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकाकडे जावे. मुलाच्या बाबतीत 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि तेथेही पुडा डॉक्टरांना दाखवावा.