वडिलांना २०२१ मध्ये कोविडसाठी अ‍ॅडमिट केलं होतं. आता जिना चढताना धाप लागते. हृदयावर इतक्या उशिरा परिणाम होतो का, की वयच झालं?

होतो. आणि "वयच झालं" हे वाक्य आधी घरातून बंद करा. आमचे पाच महिने त्याच्यासारख्याच एका वाक्यापायी गेले.

आम्ही लालबागला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. वय ४८. घरी आल्यावर करी रोड स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबायला लागले. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, नॉर्मल आला. अशक्तपणा आहे म्हणून टॉनिक दिलं. सप्टेंबरात गणपती आणताना नेहमीप्रमाणे पाट त्यांच्याच हातात होता. दुसऱ्या मजल्यावर एक शब्द न बोलता त्यांनी तो मुलाकडे दिला आणि पायरीवर बसले. मोठे भावोजी मागून म्हणाले, "कोविड सगळ्यांनाच झाला रे, तू मनाला लावून घेतलंयस." रात्री मिस्टरांच्या पायाला तेल लावताना माझा अंगठा नडगीवर दाबला गेला. खळगा पडला तो तसाच राहिला, भरून येईना. पायावर सूज होती.

विसर्जन झाल्यावर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३५ टक्के. निरोगी माणसाचं साधारण ५५ च्या वर असतं. ईसीजी हृदयाची लय दाखवतो, स्नायू किती जोराने आवळतोय ते इकोत कळतं. एवढं आम्हाला कुणी आधी सांगायला हवं होतं. औषधं, मीठ कमी, पाणी मोजून. वर्षाने पंपिंग ५० वर आलं.

तेव्हापासून भावोजींचं पालुपद, "लसीनेच झालं." मी प्रत्येक वेळी सांगते, इको सप्टेंबरचा आहे, पहिला डोस नोव्हेंबरचा. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये आहेत. तुम्हीही डिस्चार्ज कार्डापासून सगळे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा. डॉक्टरांनाही लागतात, नातेवाइकांनाही दाखवावे लागतात.

ब्रिटनच्या बायोबँकेतल्या, म्हणजे लाखो लोकांच्या आरोग्याची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पातल्या, नोंदींवरून २०२४ मध्ये एक अभ्यास आला. २०२० मध्ये कोविड झालेल्यांना हार्ट अटॅक, पक्षाघाताचा धोका जवळजवळ तीन वर्षं जास्त राहिला, अ‍ॅडमिट झालेल्यांना तर फारच जास्त. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या २०२२ च्या अभ्यासातही तेच होतं, घरी बरे झालेल्यांपेक्षा अ‍ॅडमिट झालेल्यांना धोका जास्त, आयसीयूतल्यांना त्याहून जास्त. फ्लूचंही तसंच. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात अटॅकचा धोका सुमारे सहापट दिसला. व्हायरसने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, गुठळ्या होतात. ह्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

एक मात्र खरं, आमच्या डॉक्टरांनीही "बहुतेक कोविडमुळेच" असं म्हटलं, छातीठोक सांगितलं नाही. तुमच्या वडिलांची धाप फुप्फुसामुळे किंवा रक्त कमी झाल्यामुळेही असू शकते. मी डॉक्टर नाही. पण ईसीजीवर थांबू नका, हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन इकोबद्दल विचारा. छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या. आणि हल्ली आडवं झाल्यावर धाप लागते म्हणून झोपताना त्यांना एक उशी जास्त लागते का, हे आईला विचारा. वडील स्वतःहून सांगणार नाहीत.