रामकुंडावर दोन फोन घेऊन जाण्याआधी

अरे, घाटावरची आरती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट वाय-फायने लाइव्ह दाखवायची म्हणतोस ना? आधी एक गैरसमज काढून टाक. अँड्रॉइडमध्ये जुना अ‍ॅड-हॉक मोड (राउटरशिवाय फोन एकमेकांना जोडण्याची पद्धत) सरळ मिळत नाही, त्यासाठी फोन रूट करावा लागतो, म्हणजे त्याच्या सिस्टीमचं कुलूप तोडावं लागतं. त्या भानगडीत पडू नकोस. वाय-फाय डायरेक्ट घे, तेही राउटरशिवाय फोन जोडतं आणि अँड्रॉइड ४.० पासून आहे. त्यात एक फोन ग्रुपचा मालक होतो आणि बाकीचे त्याला जोडले जातात. मालकाचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बहुतेक १९२.१६८.४९.१ असतो.

आता खरी मेख. व्हिडिओ टीसीपीवरून, म्हणजे हरवलेला तुकडा परत मागवणाऱ्या पद्धतीने, पाठवू नकोस. मी पाठवला होता. घरात झकास चाललं, गोदाघाटावर मात्र एक पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं की मागचं सगळं त्याची वाट बघत उभं. आरती संपली तरी माझ्या स्क्रीनवर पुजारी दिवाच पेटवतोय! यूडीपीवर (ही पद्धत हरवलेलं परत मागवत नाही) आरटीपी, म्हणजे थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत, वापर. हरवलं ते हरवलं. की-फ्रेम (अख्खं चित्र असलेली फ्रेम) मात्र दर सेकंदाला टाक, नाहीतर चित्र फाटलं की फाटलेलंच राहतं.

तिसरा फोन मध्ये ठेवून अंतर वाढवायचंय म्हणतोस ना? मधल्या फोनचा वाय-फाय रेडिओ एकच, चॅनेलही तोच, म्हणजे घेणं आणि देणं आळीपाळीने. वेग साधारण निम्मा धर. ७२०पी सोड, ४८०पी वर ये.

आणि गर्दीत फोन खिशात नको. माणसाच्या अंगातलं पाणी वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी चांगल्याच शोषतं. घाटाच्या वरच्या पायरीवर काठीला बांध. पॉवर बँक विसरू नकोस, एन्कोडिंगने (व्हिडिओ दाबून लहान करण्याने) बॅटरी भराभर संपते आणि फोन तव्यासारखा तापतो.