कॉन्ट्रॅक्ट शिकायचं तर आधी धंदा बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. सनद आली, छान झालं. आता मुंबईला एखाद्या मोठ्या फर्ममध्ये जाऊन कंपन्यांचे करार करायचे की रत्नागिरीत राहायचं, आणि इथे राहिलं तर कॉन्ट्रॅक्टचं काम मिळणार कुठून, इथे तर नुसते जमिनीचे दावे, असं तू विचारलंयस. फोनवर हे सांगून झालं नसतं म्हणून लिहितोय, लांबलं तर वाचून घे.

१८७२ चा करार कायदा तुझा पाठ आहेच, पुढे नुसतं सेक्शन म्हणेन ते त्याचंच. सेक्शन १० म्हणतं मोकळी संमती हवी, पक्षकार सज्ञान आणि भानावर हवेत, मोबदला आणि हेतू कायदेशीर हवा, झाला करार. लेखी हवा असं सरसकट कुठे म्हटलेलं नाही. म्हणजे मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात तोंडी ठरलेला व्यवहार आणि नरिमन पॉइंटला दोनशे पानांवर सह्या झालेला व्यवहार, पाया एकच. पण त्यातून माणसाला हक्क नेमका काय मिळतो हे प्रत्येक धंद्यात वेगळं निघतं, कारण काही ठिकाणी कायदा म्हणतो तुम्ही ठरवाल ते खरं, आणि काही ठिकाणी म्हणतो तुम्ही काहीही लिहा, मी ते मानणार नाही. कुठला कागद समोर आला की पहिलं हे बघ. यात काय लिहिलंय ते नंतर, आधी या धंद्यात काय लिहून चालतच नाही ते.

आंब्याचंच घे. मोहोर बघून मालक बाग कराराने देतो, घेणारा फवारणी, राखण, तोडणी, पेट्या सगळं बघतो, थोडी रक्कम आधी आणि बाकीची हंगामात. इथे कायदा बराचसा बाजूला उभा राहतो, दोघांनी ठरवावं. पण मालक कागद करायलाच बिचकतो, कारण घरात कुळकायद्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला आणि कागदोपत्री मालकाच्या हातून जमीन गेली. ती भीती उगाच नाहीये, अशिलाची समजूत काढताना तिला कमी लेखू नकोस. त्याला सांग की आपण फळांची विक्री लिहू, जमीन कसायला देतोय असं नाही. तोडून न्यायच्या बोलीवर विकलेली झाडावरची फळं १९३० च्या सेल ऑफ गुड्स अॅक्टमध्ये माल धरली जातात. हंगाम कधी संपतो ती तारीख टाक, ताबा मालकाकडेच राहील ते टाक. आणि हेही सांग की नुसत्या मथळ्याने भागत नाही, वर्षानुवर्षं तोच माणूस तिथे राबत असेल आणि मालक फिरकतही नसेल तर कोर्ट कागदाचं नाव बघत बसत नाही, प्रत्यक्षात काय चाललं होतं ते बघतं.

दुसरं म्हणजे सही कोण करतोय. सातबारा काढ. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंधरा वीस नावं, अर्धी मुंबईत, काही वारलेली आणि वारस लावलेले नाहीत. गावात राहणारा भाऊ सगळ्यांच्या वतीने सही करतो आणि मग मे महिन्यात डोंबिवलीहून कोणीतरी येऊन आंबे अडवतो. मुखत्यारपत्र किंवा बाकीच्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय तू घेणाऱ्याला पैसे मोजू देऊ नकोस.

आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, नुकसान कोणाचं. अवकाळी पाऊस आला, थ्रिप्सची कीड पडली, फळ कमी लागलं, घेणारा म्हणतो रक्कम कमी करा. सेक्शन ५६ सगळ्यांना माहीत असतं, करार पार पाडणं अशक्य झालं तर तो संपतो, आणि १९५४ मध्ये सत्यब्रत घोषच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अशक्य म्हणजे अक्षरशः अशक्यच हवं असं नाही, कराराचा पायाच उखडला गेला तरी पुरे. पण १९६० च्या अलोपी परशादच्या निकालात त्याच कोर्टाने हेही सांगितलं की नुसतं महाग पडलं, तोटा झाला, एवढ्याने सुटका नाही. म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात भाव पडला हे कारण चालणार नाही. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळाने ऐन हंगामात आंबा झाडाखाली पाडला, ते वेगळं. आणि भाव पडणं ते तौक्ते यांच्या मधे जे काही घडतं त्यावर वर्षानुवर्षं दावे चालतात. म्हणून कोर्टावर सोडूच नकोस. किती फळ गळलं तर किती रक्कम कमी, पाहणी कोणी करायची, किती दिवसांत करायची, एवढ्या चार ओळी आधीच लिहून घेतल्या तर दोन घरांचं बोलणं तरी चालू राहतं.

आता जामीनकी. यात मी फार घरं बुडताना बघितलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो. बोटीला कर्ज हवं असतं, शेजारी म्हणतो फक्त सही कर, नावापुरती. सेक्शन १२८ नीट वाच, जामिनाची जबाबदारी कर्जदाराएवढीच. बँकेला आधी कर्जदाराच्या मागे लागून मग जामिनाकडे यायची गरज नाही, १९६९ चा बँक ऑफ बिहारचा निकाल हेच सांगतो. कायद्यात जामिनाला संरक्षण आहे, त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर सेक्शन १३३ प्रमाणे बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो सुटतो. पण छापील फॉर्ममध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे सगळे हक्क मी सोडतोय, आणि ते सोडता येतात. बघ, इथे करारस्वातंत्र्य कोणाच्या कामी आलं. जामीन राहणाऱ्याला वकिलाकडे जायचं सुचतच नाही, कारण त्याच्या मनात तो करार करतच नसतो, तो शेजारधर्म पाळत असतो. असा कोणी तुझ्याकडे चुकून सहीच्या आधी आला तर फी घेऊ नकोस पण फॉर्म वाचून दाखव, मराठीत, एकेक ओळ. निदान किती रकमेपर्यंत जामीन आहोत तो आकडा टाकून घे.

भाड्याच्या घरात आणि फ्लॅटमध्ये चित्र उलटं. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर करणं ही महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं सेक्शन ५५, आणि रजिस्टर केलं नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, मालकाला ते खोडून काढावं लागतं. बिल्डरने रेराप्रमाणे, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे, रजिस्टर्ड करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, गिऱ्हाईक स्वखुशीने देत असेल तरी नाही. इथे स्वखुशी कायद्याने विचारातच घेतलेली नाही आणि मला ते योग्य वाटतं, कारण दापोलीत सेकंड होम घेणारा रिटायर्ड माणूस आणि बिल्डर यांची ताकद सारखी नसते.

नोकरीचं थोडक्यात. सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात काम करायचं नाही, असली अट सेक्शन २७ खाली चालत नाही. पण ठरावीक काळ काम करीन नाहीतर अमुक रक्कम भरीन हा बाँड वेगळा, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं आणि दोन लाखांची अट मान्य केलीय. तुझ्या मैत्रिणी बाँड म्हणजे नुसता कागद असं म्हणतात ना, त्यांना हे सांग. दंडाची रक्कम मात्र कागदावर आहे म्हणून आपोआप सगळी मिळत नाही, सेक्शन ७४ प्रमाणे वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेपर्यंतच. तारकर्ली, गुहागरच्या होमस्टेवाल्यांनाही हेच लागू, बुकिंग कॅन्सल झालं की सगळा अॅडव्हान्स गिळायचा, मग खोली दुसऱ्या दिवशी भरली तरी, हे टिकणं कठीण.

बोटीवरच्या खलाशाचं बघ. मासळी विकली, डिझेल बर्फ रेशन वजा केलं, उरलेल्याचे वाटे, सगळं तोंडी, आणि हंगामाच्या सुरुवातीला उचल. तोंडी करारही करारच, त्यामुळे हिशोब मागायचा हक्क त्याला आहे. पण मधेच निघून गेला तर मालक म्हणतो पैसे फिटेपर्यंत राबलाच पाहिजे, आधार कार्ड काढून ठेवतात. हे चालत नाही. पैशाचा दावा लावायचा तर लावावा, माणसाला जबरदस्तीने कामावर कुठलंच कोर्ट बसवत नाही, आणि कर्जापोटी राबवून घेणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा आहे. मालकाचीही बाजू असते बरं, उचल घेऊन दुसऱ्याच बंदरावर जाणारे असतात. दोघांसाठी उपाय एकच, व्हॉट्सअॅपवर तरी लिही. रक्कम, तारीख, वाट्याचा हिशोब, आणि समोरच्याने उत्तरात हो म्हटलेलं. कोर्टात दाखवायचं तर नवीन साक्ष अधिनियमाच्या सेक्शन ६३ चं सर्टिफिकेट लागेल, ते तू देववशील. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, हे प्रत्येक अशिलाला पहिल्या भेटीतच सांगत जा, आपली माणसं संबंध बिघडायला नको म्हणून थांबतात आणि मग मुदत निघून जाते.

मुंबईचं म्हणशील तर जा, दोन वर्षं जा, मोठे करार कसे बांधतात ते शिकून ये, मी अडवणार नाही. पण इथे काम नाही असं समजून जाऊ नकोस. वर लिहिलेल्या माणसांपैकी बहुतेक जण वकिलाकडे येतात ते भांडण झाल्यावर, कारण करार वाचून देणारं जवळ कोणी नसतं.

आणि तुझा भाऊ मर्चंट नेव्हीत जॉइन होतोय म्हणालीस. २००६ चं मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे जहाजावरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने २०१५ मध्ये मान्य केलंय, त्यात स्पष्ट आहे की सहीच्या आधी करार वाचायला आणि कोणाचा सल्ला घ्यायला वेळ मिळाला पाहिजे, आणि सही केलेली एक प्रत त्याच्याकडे राहिली पाहिजे. एजंटला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याचं, आरपीएसएल लायसन्स आहे का बघ, खलाशी भरती करायचा परवाना तो. नोकरी लावण्याबद्दल तो खलाशाकडून पैसे घेऊ शकत नाही, मागत असेल तर तिथेच थांबा. कागद हातात आला की फोटो काढून मला पाठव, विमानतळावर जाऊन सही करतो म्हणाला तर त्याला करू देऊ नकोस.

तुझा,
काका